सोडतीत आडनाव विचारत नाहीत : बाँडवरचा प्लॉट, घरकुल आणि शहरातला शेजार

सेतूवाला

पडेगावकडं जाताना माझं सेवा केंद्र लागतं. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, बाहेर बाकडं. उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डात नाव चढवणं, पीकविमा, असली कामं. आता त्यात प्रधानमंत्री आवास २.० च्या अर्जांची भर पडलीय. (शहराला औरंगाबाद म्हणा की छत्रपती संभाजीनगर, नावावरून इथं कुणी भांडू नका, त्याचा धागा वेगळा आहे.)

परवा एक बाई आल्या. नवरा सेंट्रिंगच्या कामावर होता, करोनात गेला. स्वतः घरी बसून बॅगा शिवतात. वीस बाय तीसचा प्लॉट, वर पत्रे. उत्पन्न तीन लाखांच्या खूप खाली, देशात कुठंच पक्कं घर नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्राधान्याची यादी आहे, तिच्यात विधवा आहेत आणि अल्पसंख्याकही आहेत. म्हणजे रांगेत ह्या बाईंच्या पुढं फार कुणी उभंच राहू नये. घटक कोणता? स्वतःच्या जागेवर बांधायचा, ज्याला सगळे बीएलसी म्हणतात. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, एकूण अडीच.

मी विचारलं, "खाला, मालकीचा कागद?"

प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला शंभरचा बाँड निघाला, म्हणजे स्टॅम्पपेपरवरचा करार. २००९ चा. नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, त्यातला एक वारलेला. सोबत टॅक्सच्या पावत्या, लाईट बिल, नळाची पावती, सगळं वर्षवार लावलेलं. खरेदीखत नाही. पीआर कार्ड, म्हणजे मालमत्ता पत्रक, नाही. तिथंच अर्ज थांबला. बाई म्हणाल्या, "टॅक्स घेताना तर कुणी कागद मागितला नाही."

आता माझं स्वतःचं. मी पैठण तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेला. आडनाव इनामदार. फोनवर माझ्याशी बोललेल्या कुणालाही शंका येत नाही. २०२२ मध्ये बीड बायपासकडं एका नव्या इमारतीत फ्लॅट बघायला गेलो. "या या इनामदार साहेब", चहा, पूर्वेचा दरवाजा, मंदिराची जागा, सगळं दाखवलं. इसार द्यायचा म्हणून आधारची झेरॉक्स पुढं केली. त्यावर पहिलं नाव होतं. माणूस आत जाऊन आला आणि म्हणाला, "तो फ्लॅट कालच बुक झाला हो, आमच्या पोराच्या लक्षात नव्हतं." मजल्यावरचे बाकीचे तीन? तेही बुक. चहा मात्र पूर्ण प्यायला लावला.

तर माझं म्हणणं असं. योजना धर्म विचारत नाही, हे खरंच आहे. ती कागद विचारते. पण चांगल्या कागदाचं घर ज्या कॉलनीत मिळतं, तिथं काही जणांना दारातूनच परत पाठवलं गेलं. ते गेले नारेगाव, मिसारवाडी, पडेगाव, मिटमिट्याच्या बाजूला, जिथं शेतमालक बाँडवर गुंठा-अर्धा गुंठा विकत होता. आणि आज त्याच बाँडसाठी सरकारी अनुदानातून ते बाहेर. नकार तोंडी होता, त्याची नोंद कुठंच नाही. नोंद आहे ती फक्त "कागदपत्रे अपूर्ण" अशी.

तुमच्याकडं काय चित्र आहे? लातूर, नांदेड, परभणी, जालना, बीड.

किल्लारी९३

सेतूवाले दादा, तुमच्या फ्लॅटचं वाईट वाटलं. पण सगळ्याला धर्माचा रंग देऊ नका. माझे सख्खे मामा, औश्याकडचे, मराठा. लातुरात रिंगरोडला बाँडवरच प्लॉट आहे. त्यांनाबी घरकुल मिळंना. गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे असे गुंठ्या-गुंठ्यानं घेतलेले तुकडे, ही गरिबी हाय. ज्याच्यापाशी पैसा नाही त्यानं एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट घ्यावा कुठून? अन् दुसरं, राग मानू नका, तुमचे लोकबी मोहल्ल्यातच राहायला बघतात. मशीद जवळ पाहिजे, मदरसा जवळ पाहिजे.

हिमरू

मशीद जवळ पाहिजे तसं मंदिरही जवळ पाहिजे असतं की. त्याला कुणी 'तुमचे लोक' म्हणत नाही.

आमचे अब्बा १९८८ च्या दंगलीआधी मिश्र वस्तीत राहायचे. दंगलीनंतर घर पडत्या भावात विकलं आणि आजोळच्या गल्लीत आले. दोन खोल्यांत नऊ माणसं. हौसेनं नाही आलो. आता तीच गल्ली 'त्यांचा एरिया' झाली.

भावसिंगपुऱ्याची लेक

जयभीम. किल्लारी दादांचं अर्धं पटतं. गुंठेवारीत सगळ्या जाती आहेत, आमच्या भागात तर आहेतच. पण गरिबी हे पूर्ण उत्तर असतं तर पैसे असलेल्याला घर मिळायला हवं होतं. मी सरकारी नोकरीत आहे, नवराही. गारखेड्याकडं भाड्यानं घर शोधताना पगार कुणी विचारलाच नाही. पहिला प्रश्न "गाव कोणतं?", दुसरा "खाणं-पिणं कसं आहे?", आणि तिसरा प्रश्न यायच्या आत घरमालकीणबाईंच्या भाच्याला खोली लागायची. त्या वर्षात मला शहरातले इतके भाचे कळले!

आम्ही बौद्ध अनुसूचित जातीतही आणि अल्पसंख्याकांतही. त्यामुळं आम्हाला निदान रमाई आवास आहे, शहरात अडीच लाख. पण तिथंही जागा तुमच्या नावावर पाहिजे. आजीची झोपडी ज्या जागेवर पन्नास वर्षं आहे, ती जागा कुणाची याचं उत्तर तीन कार्यालयांत तीन मिळालं. एकानं गायरान सांगितलं, एकानं इनाम, वर्ग दोन, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी. तिसऱ्यानं साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगितलं.

सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांवर अभ्यास केला होता, २०१५ ला प्रसिद्ध झाला. त्याच घरांसाठी वेगवेगळ्या आडनावांनी विचारणा केली. दलित नावाला नकार आला, मुस्लिम नावाला त्याहून जास्त आला. मराठवाड्यात असं कुणी करून बघितलंय का?

सिडको एन-सात

मी सत्तरीचा, टंकलेखनात चुका होतील, सांभाळून घ्या.

सिडको ह्या शहरात १९७२ च्या सुमारास आली. आम्ही ऐंशीच्या दशकात अर्ज भरला. मी एसटीत होतो. सोडत निघायची. मोठा डबा, त्यात चिठ्ठ्या, एखाद्या लहान पोराला बोलावून काढायला लावायचे. चिठ्ठीवर नंबर. माझ्या डाव्या बाजूला जाधव आले, उजवीकडं शेख, समोर नागसेनवनातल्या कॉलेजचे एक कांबळे सर. कुणी कुणाला निवडलं नव्हतं. आवडो न आवडो, भिंत एकच. पहिली दोन वर्षं वाटी-चमच्यापुरतं बोलणं. मग शेखभाभींच्या पोरीला रात्री ताप चढला तेव्हा माझी लुना गेली, आणि माझ्या आईच्या दहाव्याला पाण्याचा टँकर त्यांनी आणला. ही काही मोठी गोष्ट म्हणून सांगत नाही, शेजारी असले की एवढं होतंच.

आता खरी गोष्ट. सोडत एकदाच होते, विक्री रोज होते. नव्वदीनंतर घरं हातोहात विकली जायला लागली तेव्हा शेखभाईंनी रोशन गेटकडं जागा घेतली. "पोरीचं लग्न तिकडं जमेल" म्हणाले. त्यांचं घर ज्यानं घेतलं त्यानं गल्लीत आधी विचारलं होतं, "एरिया आता क्लिअर झाला ना?" हे वाक्य मी माझ्या ओट्यावर ऐकलं. मी काय बोललो? काहीच नाही. माझंही घर उद्या विकायचंय, भाव पडू नये असं मलाही वाटलं असणार. खोटं कशाला बोलू.

२००६ ला सिडकोनं हा भाग महापालिकेला दिला. आज आमच्या ओळीत एकही वेगळं आडनाव उरलेलं नाही.

सेतूवाला

काका, हे लिहिल्याबद्दल आभार. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी म्हाडाच्या सोडतीचंच उदाहरण देणार होतो. तिथं अनुसूचित जातींना ११ टक्के, जमातींना ६, पत्रकारांपासून माजी सैनिकांपर्यंत सगळ्यांचे कोटे, अल्पसंख्याकांचा नाही. तरी मुस्लिम नावं निघतात, कारण कॉम्प्युटरला भाचा नसतो.

पाणीबाणी

घराचं राहू द्या, ह्या शहरात आठ-आठ दिवसांनी नळ येतो. टाकी बांधायला अनुदान द्या म्हणावं आधी.

किल्लारी९३

@सिडको एन-सात: काका, सिंगापुरात म्हणे सरकारी इमारतींत कोटाच ठरलेला आहे, कोणत्या वंशाचे किती. तसं केलं तर?

अटलांटाकर

मूळचा लातूरचा, म्हणून किल्लारीभाऊंना आधी उत्तर. सिंगापुरात १९८९ पासून तसा नियम आहे खरा, आणि तिथले बहुतेक लोक सरकारी घरांतच राहतात म्हणून तो चालतो. पण तोटा कुणाचा होतो? ज्या इमारतीत बहुसंख्य चिनी लोकांचा कोटा भरलाय, तिथल्या मलाय किंवा भारतीय माणसाला चिनी गिऱ्हाइकाला घर विकता येत नाही. गिऱ्हाईक कमी, भाव कमी. अल्पसंख्याकालाच चटका.

सेतूवाल्यांचा मुद्दा वाचताना मला इथलं, अमेरिकेतलं आठवलं. १९३० च्या दशकात इथं सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीय राहतात तो भाग लाल, म्हणजे कर्जाला धोक्याचा. १९३४ पासून सरकार घरकर्जाला हमी द्यायला लागलं, पण त्या लाल भागांत ती मिळणं जवळपास अशक्य. गोऱ्या कुटुंबांनी त्या हमीवर घरं घेतली, घरांचे भाव वाढले, त्यावर पोरं शिकली. १९६८ ला घरांच्या बाबतीत भेदभाव करायला कायद्यानं बंदी आली. तरी आज गोऱ्यांमध्ये स्वतःचं घर असलेली कुटुंबं साधारण ७४ टक्के आणि कृष्णवर्णीयांमध्ये ४५ च्या आसपास. कायदा आला, पण मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्यांनी घर घेतलंच नाही त्यांच्या पोरांना वारसा काय मिळणार?

आपल्याकडं नकाशा कुणी रंगवलेला नाही, हा फरक. त्यामुळं कुणाला दाखवून "हे बघा" असंही म्हणता येत नाही.

कर्जाची बाई

नकाशा नाही, यादी असते. मी अकरा वर्षं घरकर्जाच्या कामात काढली, कुठं ते सांगत नाही. साहेब तोंडी सांगायचे, ह्या ह्या गल्ल्या निगेटिव्ह, म्हणजे तिथं कर्ज द्यायचं नाही. कारण विचारलं तर "वसुलीला माणूस जात नाही." माझ्या अनुभवात त्या गल्ल्यांतले हप्ते बाकीच्यांपेक्षा वाईट नव्हते. उलट बागवान, गॅरेजवाले, जरीकामवाले वेळेच्या आधी यायचे. हप्ता चुकला तर दारात माणूस येईल आणि गल्लीत इज्जत जाईल, ही भीती.

पण बँकेची बाजूही सांगते. तारण ठेवायला कागद स्वच्छ लागतो. हप्ते थकले तर २००२ च्या सरफेसी कायद्यानं घर ताब्यात घेता येतं, पण बाँडवरच्या घरावर गहाणच नोंदता येत नाही, तर ताब्यात काय घेणार? म्हणून गुंठेवारी दिसली की फाईल परत. मग तो माणूस खासगी फायनान्सकडं जातो, जिथं व्याज कुठल्या कुठं असतं. योजनेच्या दुसऱ्या घटकात व्याजावर सवलत आहे: घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, पाच वार्षिक हप्त्यांत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. छान आहे. पण ती बँकेच्या कर्जावर आहे. बँकच दारात उभी करत नसेल तर सवलत कशावर घ्यायची?

सेतूवाला

ताई, त्यात आमच्याकडची आणखी एक गाठ. कित्येक घरांत व्याजाचं कर्ज घेतच नाहीत. सगळे असे नाहीत, माझ्याच भावानं घेतलंय आणि अम्मी त्याच्या नव्या सोफ्यावर अजून बसत नाही. पण जे घेत नाहीत ते बीसी, म्हणजे भिशी, टाकतात, दागिना मोडतात, सौदीतल्या मामाकडून उसने आणतात, आणि रोखीनं जेवढं जमेल तेवढंच घेतात. रोखीत काय येतं? बाँडवरचा वीस बाय तीस. बिनव्याजी बँकिंगची खिडकी उघडावी असं रघुराम राजन समितीनं २००८ लाच सुचवलं होतं, रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये तो विषय पुढं न्यायचा नाही असं ठरवलं. म्हणजे सरकारनं सवलत दिली ती नेमकी व्याजावर. आमच्या गल्लीत हे सांगितलं की लोक हसतात.

गोदाकाठ

नांदेडहून. शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या २००८ च्या सोहळ्यामुळं आमच्या शहराचं नशीब उघडलं. शहरांसाठीच्या केंद्राच्या नेहरू पुनरुत्थान योजनेत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या पंगतीत नांदेड बसलं, औरंगाबाद नाही बसलं. त्यातून झोपडपट्ट्यांत घरं झाली. सगळी चांगली नाहीत, काहींचा गिलावा हातानं निघतो. पण जिथं आहे त्या जागेवरच बांधली तिथं शेजार मोडला नाही, रोजगार मोडला नाही. देगलूर नाक्याच्या माणसाला दहा किलोमीटरवर चौथा मजला देऊन काय करता? त्याचा गाडा कुठं उभा करायचा?

तुमच्याकडं तिसगाव, पडेगाव, हर्सूल, सुंदरवाडीच्या मोठ्या घरकुल प्रकल्पाचं काय झालं शेवटी? २०२३ ला निविदेवरून गुन्हा, ईडीचे छापे, एवढंच पेपरात वाचलं होतं.

पाणीबाणी

काय होणार? लोकांनी अर्ज भरले, पावत्या जपून ठेवल्या. माझ्या बायकोनं तर देवघरात ठेवलीय.

परभणीचा काळा कोट

कायद्याचं थोडं. संविधानाचं १५ वं कलम भेदभाव रोखतं, पण मुख्यतः सरकारला. खासगी घरमालकानं किंवा बिल्डरनं धर्मावरून नकार दिला तर थेट पकडता येईल असा कायदा आपल्या राज्यात नाही. वर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की एखाद्या समाजाची सहकारी सोसायटी सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवू शकते. तो निकाल पारशांच्या सोसायटीचा होता; दाखला मात्र भलतेच देतात.

तरीही हातात काही आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम २२ आणि २३. पुरेशा कारणाशिवाय सोसायटी सभासदत्व नाकारू शकत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तुम्ही सभासद झालात असं धरलं जातं. नकार दिला तर निबंधकाकडं अपील. अडचण एवढीच की हे घर घेतल्यानंतरचं. सेतूवाल्यांना जो नकार आला तो चहाच्या कपावर आला, त्याला पोच कुठली घेणार?

बाँडबद्दल: त्या बाईंचा २००९ चा आहे ना? मग २००१ च्या गुंठेवारी कायद्याला २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली ती बघा. आधी १ जानेवारी २००१ पूर्वीचेच भूखंड नियमित होत होते, आता ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे धरतात. आरक्षण, सरकारी जमीन, हरितपट्टा यांत नसेल तर फाईल होऊ शकते. जुलै २०२१ ला नोंदणी विभागानं गुंठ्या-गुंठ्याचे व्यवहार परिपत्रक काढून अडवले, मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं ते रद्द केलं. तरी दुय्यम निबंधकाच्या खिडकीवर घोळ काही लगेच मिटला नाही. मधल्या काळात लोकांनी काय केलं? परत बाँड.

सेतूवाला

वकीलसाहेब, तीच वाट धरली. बाईंना घेऊन आर्किटेक्टकडं गेलो. मूळ शेतमालकाचा सातबारा काढला, २००९ मधली पहिली टॅक्स पावती लावली. मालकाचा मुलगा खरेदीखत करून द्यायला तयार आहे, पण आजच्या रेडी रेकनरच्या हिशेबानं मुद्रांक शुल्क लागणार. बाईंच्या नावावर एक टक्का सूट, २०२१ पासून महिलांना आहे ती. त्यावर नियमितीकरणाचं शुल्क वेगळं. (आणि आता शंभरचा बाँडही मिळत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो. गरिबाची फसवणूकही महागली.)

गंमत बघा, अडीच लाखांचं अनुदान मिळवायला आधी जो खर्च आहे तो बॅगा शिवून निघत नाही. गल्लीतल्या बायकांनी त्यांना बीसीचा पहिला नंबर दिलाय.

किल्लारी९३

दोन दिवस विचार करूलालो. काल बहिणीच्या सोसायटीची मिटिंग होती, पुण्यात. मी सहज गेलतो बसायला. एका डॉक्टरला फ्लॅट विकायचा का नको यावर अर्धा तास. डॉक्टर मुसलमान. पैशाचा प्रश्नच नव्हता, रोख द्यायला तयार. शेवटी "पार्किंगचा प्रॉब्लेम होईल" असं इतिवृत्तात लिहिलं. त्या माणसाकडं गाडी एकच आहे, सेक्रेटरीकडं तीन.

मामाचं मी म्हणलो ते खरंच आहे, त्यांनाबी घरकुल नाही मिळालं. पण मामाला कुणी पार्किंग सांगितलं नसतं, एवढं कबूल करतो.

भावसिंगपुऱ्याची लेक

दादा, मिटिंगमध्ये बोललात का काही?

किल्लारी९३

नाही ताई. पाहुणा होतो.

सिडको एन-सात

मी तर घरचा होतो.

हिमरू

सेतूवाले भाई, मोजणीची तारीख मिळाली का? आमच्या खालाचाही बाँड २०११ चा आहे, जमिनीच्या त्याच गट नंबरातला. दोघींची फाईल एकत्र टाकली तर मोजणीचा खर्च वाटून जाईल का?

सेतूवाला

गुरुवारी आहे, सकाळी अकरा. खालांना पाठव, येताना लाईट बिल जुन्यातलं जुनं आणायला सांग. शेजारच्या प्लॉटची हद्द पावणेदोन फूट आत आलीय असं दिसतंय, तिथं आवाज चढणार. जमलं तर तूही ये.